पन्हाळा ते पावनखिंड, आमच्या चालीनं : प्रकल्पाच्या नोंदी

3 जून 2025, मंगळवार

काम असं आहे : पन्हाळगड ते पावनखिंड ही वाट तुकड्यातुकड्यानं चालायची आणि चालता चालता तिचा नकाशा काढायचा. साठी ओलांडलेल्या माणसांसाठी. या वाटेचे नकाशे मोबाइलवर पैशाला पासरी मिळतात, पण ते सगळे विशी-तिशीतल्या पायांचे. 'इथून पाऊण तास' असं लिहिलेलं असतं. पाऊण तास कुणाच्या पायांना, ते लिहिलेलं नसतं. बसायला सावलीचा दगड कुठं, पाणी कुठं, कुठली उतरण गुडघ्यावर येते, मधेच सोडायचं झालं तर गाडी कुठवर पोचते, बायकांना आडोसा कुठं मिळतो, यातलं एकही त्यात नसतं.

वाट पन्नासेक किलोमीटरची. पोरं दोन दिवसांत उरकतात. आम्ही पाऊस ओसरल्यावर सुरुवात करून थंडीत संपवणार. एका दिवसात एवढंच चालायचं, की दुसऱ्या दिवशी सकाळी उठून आपला चहा आपल्याला करता आला पाहिजे. ही आक्कांची अट, आणि ती नियम म्हणून लिहून ठेवली आहे.

टोळी : मी, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेली आरेखक. शेजारच्या आक्का, सत्तरीच्या, सगळी हयात दवाखान्यात नर्स म्हणून गेलेली. मास्तर, शाळेत भूगोल शिकवायचे. आणि माझे धाकटे दीर, शिरोलीच्या एका फौंड्रीत पॅटर्न बनवण्यात आयुष्य काढलेले. ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, चालण्यात काडीचा रस नाही. पण सकाळी सोडायला, संध्याकाळी घ्यायला आणि मधल्या वेळात कुठल्यातरी गावात पारावर पेपर वाचत बसायला ते तयार आहेत. प्रकल्पातलं सगळ्यात मोलाचं पद हेच.

वार मंगळवार. रविवार नोकरदारांचा, त्यांना गडावर सुखानं फिरू द्यावं.

यंदा पाऊस मे महिन्यातच येऊन बसला, त्यामुळं उन्हाळ्यातली ठरवलेली पाहणी झाली नाही. पावसाचे महिने आता कागदावरच्या कामाला.

17 जून

सर्व्हे ऑफ इंडियाचा 1:50,000 चा नकाशा टेबलावर पसरला. दर 20 मीटरला एक कंटूर, म्हणजे सारख्या उंचीची रेषा. रेषा दाटल्या की चढ, विरळ झाल्या की माळ. पन्हाळ्याच्या पश्चिमेला रेषांचा गुंता आहे, मग मसाई पठारावर अचानक कोरा कागद. ते बघून अजूनही हात शिवशिवतो.

नोकरीत हेच केलं. धरणाच्या बुडिताचं क्षेत्र काढायचं म्हणजे कंटूरवरून प्लॅनिमीटरची, म्हणजे क्षेत्रफळ मोजायच्या यंत्राची, सुई फिरवायची, श्वास रोखून, कारण हात हलला की एकरांचा फरक. साहेब आणि सर्व्हेची माणसं साइटवर जायची, आम्ही बायका कचेरीत ट्रेसिंग क्लॉथवर. डोंगर आमच्या हाताखालून जायचे, पायाखालून नाही. म्हणून दुसऱ्या-चौथ्या शनिवारी सुट्टी मिळाली रे मिळाली, की मी एस.टी. पकडायची. भुदरगड, सामानगड, रांगणा, गगनगड. आदल्या आठवड्यात कागदावर काढलेला उतार खरोखर तेवढाच उभा आहे का, ते बघायला जायचं. लोकांना वाटायचं देवाला निघालीय. मीही कधी दुरुस्त केलं नाही.

बाहेर हुंदडण्याची सवय मात्र त्याच्याही आधीची. वडिलांनी पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधून पंचगंगेच्या घाटावर पाण्यात ढकललं होतं. गल्लीतल्या निम्म्या पोरी त्याच डब्यावर पोहायला शिकल्या. पुढं कॉलेजात एनसीसी. तेव्हापासून उघड्यावर असलं की बरं वाटतं, याला दुसरं कारण मला सापडलेलं नाही.

वेळेचा हिशेब : डोंगर चालणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे, नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं 1892 मध्ये मांडलेला. सपाटीवर तासाला साधारण 5 किलोमीटर, आणि दर 600 मीटर चढाला एक तास जादा. मास्तरांना तो तोंडपाठ. आमची पहिली अडचण अशी की तासाला 5 आमचं होत नाही. दुसरी मोठी : हा ठोकताळा उतरणीला काहीच धरत नाही. तरण्या माणसाला उतरण म्हणजे फुकटचा रस्ता. साठीनंतर तोच खरा खर्च. तेव्हा आमचा नियम वेगळा मांडायचा, आणि तो मोजूनच मांडायचा. मास्तरांनी 'आमचा नेस्मिथ' असं शीर्षक घालून कोरं पान सोडलं आहे.

11 जुलै, शुक्रवार

आषाढ. आमच्या गल्लीचं टेंबलाईला पाणी आज. पंचगंगेला नवं पाणी आलं की आषाढातल्या मंगळवारी आणि शुक्रवारी गल्ल्यागल्ल्यांतून कलश निघतात आणि पी ढबाक वाजवत टेंबलाईच्या टेकडीवर जातात. नदीपासून टेकडीपर्यंत म्हणजे अख्खं कोल्हापूर आडवं.

आक्का म्हणाल्या, सरावाला याहून चांगला दिवस नाही, कलश रिक्षात ठेवायचा नाही. नेला डोक्यावरून. डोक्यावर पाणी असलं की मान ताठ राहते, पाऊल आपोआप आखूड पडतं आणि नजर चार पावलं पुढं जाते. उतरणीला नेमकी हीच चाल लागते. आक्कांचं बाकीचं व्याख्यान वाटेत : वजन घेऊन चाललं तर हाडांना काम मिळतं, नुसतं रंकाळ्याला गप्पा मारत फिरून मिळत नाही. रंकाळ्याचं फिरणं वाईट नाही, पण ते सपाटीचं. पाय चढायला रंकाळ्यावर शिकत नाहीत, आणि उतरायला तर मुळीच नाही. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो. म्हणून दुखणं त्या दिवशी येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिन्यावर येतं. त्याला सराव एकच, उतरणं. चंबुखडीच्या टेकडीवर जायचं आणि सावकाश खाली यायचं.

टेकडीच्या पायरीवर पाणी ओतलं. भाऊजींनी पिपाणीवाल्याला पैसे दिले आणि वहिनी, आता तुम्हीच ढबाक वाजवा म्हणाले. वाजवलं नाही.

12 जुलै

काल पॅरिसमध्ये युनेस्कोच्या समितीनं मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं. 11 महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. पन्हाळा त्यात आहे. सकाळपासून फोन वाजतोय, जणू गड आम्हीच बांधला.

आजची तारीखही तीच. 12 जुलै 1660, आषाढी पौर्णिमा. सिद्दी जौहरचा वेढा मार्चपासून पडलेला, पावसाची रात्र, शिवा काशीद महाराजांच्या वेशात दुसऱ्या पालखीत, आणि खरी पालखी विशाळगडाकडं. पुढं घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, बाजीप्रभू. हे सगळ्यांना पाठ आहे. मला मात्र ही वाट चालताना दर वेळी भोई आठवतात. त्या चिखलात, अंधारात, खांद्यावर दांडी घेऊन पळणारे. आपण हातात काठी घेऊन भर उजेडात घसरतो.

याच दिवसांत दरवर्षी मोठमोठ्या मोहिमा निघतात. शेकड्यांनी माणसं, वाटेचा लगदा, गावागावांत जेवणावळी. तरुणपणी तीही मजा केली आहे, नावं ठेवणार नाही. पण त्या गर्दीत नकाशा होत नाही, आणि मागच्या माणसाचा धक्का लागून आमच्या वयात पडणं म्हणजे खुब्याचं हाड. आम्ही सप्टेंबरात.

आजच एका कार्यक्रमाचं बोलावणं आलं. 'वय विसरून गड चढणाऱ्या चिरतरुण ज्येष्ठांचा सत्कार.' नको म्हणून कळवलं. वय विसरून चालणारा माणूस पहिल्याच उतरणीला पडतो. आमचा सगळा प्रकल्प वय मोजून चाललाय. शाल-नारळ घरी आहेत.

5 ऑगस्ट

पाऊस थांबत नाही. सकाळी पेपर हातात आला की आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायची. 39 फूट इशारा, 43 धोका. 2019 च्या महापुरानंतर ही सवय शहरातल्या प्रत्येक घराला लागली आहे.

काठ्या तयार झाल्या. ॲल्युमिनियमच्या घडीच्या काठ्या चांगल्याच असतात, पण भाऊजींना त्यांचा राग. स्क्रू ढिला झाला की ऐन वेळी आत जाते म्हणे. शाहूवाडीकडून मेसाच्या काठ्या आणल्या. मेस भरीव, वाळला की जड वाटत नाही आणि वाकला तरी मोडत नाही. भाऊजींनी खालच्या टोकाला लोखंडी शेंबी बसवली : काठीचं टोक तासून किंचित निमुळतं केलं, शेंबी तापवून लाल केली, ठोकली आणि लगेच पाण्यात. चर्र आवाज आणि भाजलेल्या बांबूचा वास. आकसून अशी बसली की खिळा लागला नाही. चिखलात लोखंड छान रुततं, पण जांभ्याच्या ओल्या कातळावर सरकतं. त्यावर तोडगा आक्कांचा : औषधाच्या दुकानात कुबडीचं रबर मिळतं, ते कातळावर वरून चढवायचं, चिखल आला की काढून खिशात. मास्तरांनी 'कुबडी' या शब्दाला हरकत घेतली. मग दुकानात गेले तेव्हा चार मागितली.

उंची : काठी उभी धरली की कोपर काटकोनात. उतरणीला वीतभर लांब बरी, म्हणून मुठीच्या वरही लांबी ठेवली आहे.

16 सप्टेंबर. टप्पा पहिला : पन्हाळा ते मसाई पठार

बाजीप्रभूंच्या पुतळ्यापासून सुरुवात. उजाडायच्या आत निघणार होतो, पण मास्तरांना धुकं बघायचं होतं आणि धुक्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

राजदिंडीची उतरण : नकाशावर लाल. पाऊस नुकता थांबलेला, दगड शेवाळलेले, कुबडीच्या रबरानं लाज राखली. इथं नेस्मिथच्या हिशेबाच्या दुप्पट वेळ लागला आणि मी तो तसाच लिहिला. मास्तर म्हणाले, थोडा कमी लिहूया, लोक घाबरतील. म्हटलं, घाबरू देत. घाबरलेला माणूस लवकर निघतो.

तुरुकवाडी, म्हाळुंगे, मग चढ. चढाचं काही वाटलं नाही. दम लागतो, थांबायचं, दम परत येतो. चढाला माणूस थांबू शकतो हे त्याचं मोठं सुख.

आणि मग पठार. इथं नोंदी वाढणार, इलाज नाही.

मसाई पठार म्हणजे जांभ्याचा मैलोगणती सपाट तवा. माती बोटाच्या पेरभर, कुठं तीही नाही. पावसाचं पाणी मुरायला जागा नसल्यामुळं खळग्याखळग्यांत साचून राहतं. मातीत कस नाही, म्हणून मोठं झाड नाही. आणि मोठं झाड नाही म्हणूनच इवल्याइवल्या फुलांचं राज्य. पांढरे गेंद सगळीकडं, कडेला सोनकीचा पिवळा पट्टा, ओलीत तेरडा. पूर्वी मी इथून चालत जायची, कारण पुढं गाठायचं असायचं. या वेळी गाठायचं काही नव्हतं. आक्का खुशाल पालथ्या पडल्या आणि मला भिंग मागितलं. मीही शेजारी.

सीतेची आसवं. निळं-जांभळं, नखाएवढं फूल, बारीक दोऱ्यासारख्या देठावर. वरून बिचारं दिसतं. खाली, ओल्या मातीत, त्याला मोहरीहून लहान फुगे असतात. त्यातलं पाणी झाड बाहेर टाकतं, फुगा आत खपाटीला जातो, तोंडावरच्या केसाला एखादा सूक्ष्म जीव लागला की झडप उघडते आणि तो पाण्यासकट आत ओढला जातो. मातीतून नत्र मिळत नाही, मग असं मिळवायचं. नकाशात फुगे दाखवायचे नसतात, पण त्या खळग्यापाशी मी 'पालथं पडा' असं लिहिलं आहे. ते छापायचंच.

मास्तर तेवढ्यात मसाई देवीच्या देवळात जाऊन, डबा उघडून, निम्मे धपाटे संपवून बसले होते.

ह्यांना गाडी पठाराच्या कडेलाच थांबवायला सांगितली होती, आणि ते थांबले. बाकीच्या गाड्या पार आत, फुलांवरून, फोटो काढायला. पठार आता संवर्धन राखीव आहे. चाकाच्या एका चाकोरीत पुढं कित्येक वर्षं काही उगवत नाही. नकाशात गाडीची खूण आहे तिथून पुढं गाडीची खूण नाही, एवढं माझ्या हातात आहे.

14 ऑक्टोबर. टप्पा दुसरा : पठारावरून कुंभारवाडी, खोतवाडी

ऊन कडक. पावसानंतरचं हे ऊन चैत्रापेक्षा वाईट, कारण अंगाला सवय नसते. गवत छातीला लागतं, पिवळं पडायला आलेलं, सगळ्या अंगाला कुसळं. पठाराची उतरण सुट्या मुरमाची. इथं शेवाळ नव्हतं, तर गोट्या होत्या. लाल.

मास्तर निम्म्या वाटेत गप्प झाले. मास्तर गप्प होणं हे लक्षण आहे. आक्कांनी नाडी बघितली, जीभ बघितली आणि विचारलं, पाणी कधी प्यायलात? तहानच लागली नाही, म्हणाले. हाच तर घोळ. वय वाढतं तशी तहानेची जाणीव बोथट होते; अंगाला पाणी हवं असतं, पण घसा मागत नाही. त्यात रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी काही लघवी वाढवणाऱ्या असतात, तेव्हा अशी गोळी चालू असेल त्यानं आधी डॉक्टरांना विचारून यावं. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. आक्का ते घरूनच करून आणतात. सावलीत बसवून घोट-घोट पाजलं. अर्ध्या तासात मास्तर मान्सूनच्या परतीच्या वाऱ्यांवर बोलायला लागले, म्हणजे बरे झाले.

नकाशात पाण्याची दोन चिन्हं ठरली. एक 'पाणी मिळतं', दुसरं 'पाणी प्या'. दुसरं चिन्ह तहान असो नसो पाळायचं.

कुंभारवाडीच्या अलीकडं बांधावर गव्याचे खूर, ताजे. भात पोटरीतून बाहेर पडलेलं, म्हणजे रात्री कळप येणार. शेतात माळे बांधलेले होते, राखणीला. एका माळ्यावरचा मामा खालीच आला. "एकला दिसला तर थांबायचं न्हाई आन् फोटू तर काढायचाच न्हाई. कळपातला बरा. एकला लई वंगाळ." हे वाक्य नकाशाच्या समासात जसंच्या तसं.

11 नोव्हेंबर. टप्पा तिसरा : खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी

भात कापलेलं, खळी चालू. वाट सोपी, वाड्या जवळजवळ, कुत्री भरपूर. या टप्प्यात लिहिण्यासारखं कमी, एक सोडून.

मांडलाईवाडीच्या पुढं आक्का बसल्या. दुखत नव्हतं, दम नव्हता, पडल्याही नव्हत्या. म्हणाल्या, आज इथवर. उजवा गुडघा अजून तासभर चालेल, पण मग उद्याचा चहा माझ्या हातचा नसेल. आणि फोन काढून ह्यांना बोलावलं.

मागं एका डॉक्टरांनी त्यांना तोंडावर सांगितलं होतं, आता वय झालं, चालणं बंद करा, घरात बसा. आक्कांनी चाळीस वर्षं डॉक्टर बघितलेत. त्यांनी दुसऱ्याला दाखवलं, मांडीचे व्यायाम सुरू केले आणि जिना न धरता उतरायला लागल्या. तरी मर्यादा आहे ती आहे. भाऊजी म्हणाले, आक्का, थोडं राहिलंय, हात धरतो. त्या म्हणाल्या, "भावा, पाय माझे, हिशेब माझा."

ह्यांची गाडी आली. आक्का पुढच्या सीटवर बसून शेंगा सोलत करपेवाडीला आमच्या आधी पोचल्या आणि आम्हाला उशीर का झाला ते विचारलं.

नकाशात बदल : प्रत्येक टप्प्यात मधे निदान एक जागा अशी पाहिजे जिथं चालणारा बाहेर पडू शकेल, आणि तिथूनच दुसरा आत येऊ शकेल. हिरवा त्रिकोण. मी आधी त्याला 'आपत्कालीन' लिहिलं होतं. आक्कांनी ते खोडून 'थांबा' लिहिलं. एस.टी.ला थांबा असतो, त्यात आपत्कालीन काय?

9 डिसेंबर. टप्पा चौथा : करपेवाडीच्या पुढं, धनगरवाड्यापर्यंत

जंगलाचा पट्टा. पावसाळ्यात इथं जळवा इतक्या की मोजे तंबाखूच्या पाण्यात बुडवून घालायचे. आता वाट कोरडी, पाचोळा करकरीत. सकाळी थंडी अशी की मास्तरांची कानटोपी दुपारपर्यंत निघाली नाही. आक्का मधल्या थांब्यावर आत आल्या, ताज्या पायांनी, आणि दिवसभर आमच्या पुढं.

आंबेवाडी, रिंगेवाडी, माळवाडी, पाटेवाडी ही नावं मी विद्यार्थीदशेपासून एका दमात म्हणते. या वेळी प्रत्येक वाडीत बसलो. बसलं की माणसं बोलतात. धनगरवाड्यात एका म्हातारबांनी ताक दिलं आणि विचारलं, "ह्या टायमाला कशी काय? तुमी शिकलेली लोकं पावसात पळत येता आन् पळतच जाता. कवा कुनी बसत न्हाई." मी नकाशा दाखवला. त्यांना वाचता येत नाही, पण बोटानं वाट बरोबर फिरवली आणि एका जागी थांबून म्हणाले, हितला झरा मार्चात आटतो, वरचा न्हाई आटत. वरचा झरा माझ्या कागदावर नव्हताच, सर्व्हेच्याही नव्हता. भाऊजींना घेऊन ते दाखवायला गेले. जांभ्याखालून दगडाच्या फटीतून येतं, हाताच्या अंगठ्याएवढी धार, तोंडाशी करवंटी ठेवलेली. निळ्या शाईनं, पक्कं.

23 डिसेंबर. टप्पा पाचवा : पांढरपाणी, पावनखिंड

छोटा टप्पा मुद्दाम शेवटाला ठेवला होता. म्हसवड्यावरून पांढरपाणी, तिथून खिंड. डांबरी रस्ता जवळ आल्यामुळं सहलीच्या बसगाड्या, शाळेची पोरं, वडे.

खिंडीत उतरायला लोखंडी शिडी आहे. उलटं तोंड करून, शिडीकडं बघत उतरायचं. पोरं समोर तोंड करून धावत उतरतात आणि त्यांचं बघून मोठी माणसंही. नकाशात शिडीचं चित्र उलट्या माणसासकट काढलं आहे. खाली पाणी वाहतं, कासारीचं सुरुवातीचं. पुढं ही कोल्हापूरच्या वर प्रयाग चिखलीला भोगावतीला मिळते आणि पंचगंगा होते. मी डब्यावर पोहायला शिकले ते हेच पाणी, असं भाऊजींना सांगितलं. त्यांनी, ते पाणी समुद्रात जाऊन साठ वर्षं झाली, वहिनी, म्हणून विषय संपवला.

मास्तरांनी तिथंच वही काढून 'आमचा नेस्मिथ' भरला. सपाटीला तासाला 3 किलोमीटर. 300 मीटर चढाला एक तास जादा. आणि 300 मीटर उतरणीलाही तेवढाच. ओलं असेल तर दीड. याशिवाय तासाला दहा मिनिटं बसणं, जे वेळेतच धरायचं, वेळ वाया म्हणून नाही. विज्ञान नव्हे, चौघांच्या पायांची सरासरी. पण प्रत्येक टप्प्याला ताडून पाहिली, बसते.

6 जानेवारी 2026

कच्चा नकाशा पूर्ण. रोटरिंग पेन पुन्हा हातात धरलं तेव्हा पहिल्या दोन रेषा थरथरल्या, मग बसल्या. घरातली पोरं म्हणतात संगणकावर कर, दहा मिनिटांत होईल. होईल की. पण मला दहा मिनिटांत करायचं नाही.

अक्षर मोठं. चष्मा न लावता, हातभर अंतरावरून वाचता आलं पाहिजे. त्यामुळं एका कागदावर मावेना. पाच टप्प्यांचे पाच कागद, ए-फोर, दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिक. मागच्या बाजूला टप्प्याचा उभा छेद : चढ काळा, उतरण लाल. तरुणांच्या नकाशात चढ लाल असतो.

ह्यांच्यावरून वाद. मी प्रत्येक टप्प्याच्या शेवटी पार, झाड, चहा कुठं मिळतो ते दाखवलं आहे. मास्तर म्हणतात अनावश्यक. ह्यांचं म्हणणं, चालणाऱ्या चौघांमागं एक न चालणारा असतो, त्याच्यासाठी नकाशात काहीच नको का? ठेवलं.

27 जानेवारी

एस.टी.तून निवृत्त झालेल्या सहा जणांनी पहिले दोन कागद नेले होते, आज परत आणून दिले. राजदिंडीला त्यांना आमच्याहून वीस मिनिटं कमी लागली. कोरडं होतं, त्यामुळं मान्य. 'पालथं पडा' पाशी पडले होते, जानेवारीत काही नव्हतं. तिथं महिना लिहायला हवा : सप्टेंबर. कंडक्टर होते त्यांची तक्रार, थांब्यांना नंबर नाहीत. बरोबर आहे, नंबर देते.

आणि कुंभारवाडीच्या वरचं सावलीचं आंब्याचं झाड, ज्याखाली मास्तरांना पाणी पाजलं होतं, ते तोडलंय. तिथून पुढच्या सावलीपर्यंत त्यांना पंचवीस मिनिटं लागली. झाड पांढऱ्या शाईनं खोडलं. 'पाणी प्या'ची खूण तिथून उचलून उतरणीच्या आधी घेतली. दोन नंबरचा कागद पुन्हा छापायचा. आधीच्या प्रती ज्यांच्याकडं आहेत त्यांना आक्का फोन करतायत.